सहीसाठी थांबलेल्या बायका

सकाळचे दहा वाजले होते. स्त्री-विभागाची फरशी नुकतीच पुसून झाली होती आणि आयाबाई दारातच उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपलांवर डाफरत होती. खिडकीकडच्या पलंगावरची बाळंतीण चहा गार आला म्हणून कुरकुरत होती. मोठ्या सिस्टर एकेकीच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब लिहून घेत होत्या. मोठ्या सिस्टर म्हणजे वयाने फार मोठ्या नव्हेत; पन्नाशीला एक वर्ष कमी. पण या एकाच विभागात त्यांची एकोणीस वर्षे गेली होती. नवे डॉक्टर सुई कुठे ठेवली आहे ते त्यांना विचारत आणि जुने डॉक्टर चूक कुठे झाली ते विचारत.

त्या दिवशी आणलेली बाई शिवणकाम करणारी होती. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. मशीनवर बसल्या बसल्या पोटात कळ आली आणि ती खाली कोसळली, असे सासूने सांगितले. सोबत सासरे होते. ताठ, पांढऱ्या मिशांचे, निवृत्त पोस्टमन. चेहऱ्यावरून वाईट माणूस वाटत नव्हते. सुनेचे डोके त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेऊन तिला आणले होते.

तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासले, सोनोग्राफी केली आणि त्या हातमोजे काढतच बाहेर आल्या.

"गर्भ पिशवीत नाही, नळीत राहिलाय. नळी फुटलीय. पोटात रक्त साचतंय. आत्ताच्या आत्ता ऑपरेशनला घ्यायला हवं. सिस्टर, कागद करा."

मोठ्या सिस्टरनी संमतिपत्राचा छापील कागद काढला. "सही कोण करणार?" त्यांनी विचारले. हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या वेळा गेले होते की विचारताना त्या कागदाकडेच पाहत, माणसाकडे पाहत नसत.

"मुलगा ट्रक घेऊन गेलाय," सासरे म्हणाले. "उद्या येईल. फोन लागत नाही, घाटात असेल."

"मग तुम्ही करा."

"मी कशी करू? नळी काढणार म्हणताय. पुढं मूलबाळ झालं नाही तर तो मला विचारेल, बाबा, तुम्ही कोण ठरवणारे? त्याच्या बायकोचं त्यानं ठरवावं. थांबा जरा. लागेल फोन."

शिवणवालीने मान वळवली. चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता, पण शुद्ध पुरती होती. "सिस्टर, द्या इकडं. मी करते सही. सातवी शिकलेय मी, अंगठा नाही उठवणार."

"तुमची नाही चालत, बाई."

"का नाही चालत? शाळेच्या दोनशे गणवेशांचं काम माझ्या सहीवर मिळतं. माझ्या नवऱ्याला शर्टाचं बटण लावता येत नाही, आणि माझं पोट उघडायला त्याची सही?"

शेजारच्या पलंगावरच्या दोघी हसल्या. मोठ्या सिस्टरही किंचित हसल्या. ते हसू त्यांना पुढे कित्येक महिने झोपू देणार नव्हते.

"असाच नियम आहे," त्या म्हणाल्या. "लागेल फोन. धीर धरा."

डॉक्टरीणबाई धावत अधीक्षकांकडे गेल्या. अधीक्षक स्वतः चांगले शल्यविशारद होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि भिंतीतल्या खिडकीकडे बोट दाखवले. "ती काच नवी आहे, बघितलीत? गेल्या वर्षी एका बाईला घरच्यांच्या सहीशिवाय घेतलं. बाई गेली. पन्नास माणसं आली. डॉक्टरच्या डोक्याला नऊ टाके पडले. पोलीस आले ते सगळं फुटून झाल्यावर. घरच्या पुरुषाची सही घ्या, नाहीतर हात लावू नका. मला माझी माणसं घरी जिवंत पाठवायचीत."

"आणि ती बाई?"

"सासऱ्यांना समजावा."

सासऱ्यांना समजावले. डॉक्टरीणबाईंनी समजावले, मोठ्या सिस्टरनी समजावले, सासू तर पाया पडली. "अहो, करा ना एक सही! काय जातंय तुमचं?" ती म्हणत राहिली. म्हातारा घामाघूम होऊन दर पाच मिनिटांनी फोन लावत राहिला. त्याला सुनेचा जीव नको होता असे नाही. त्याला फक्त मुलाच्या हक्कात पाय घालायचा नव्हता. आयुष्यभर त्याने दुसऱ्याच्या नावाचे पाकीट कधी फोडले नव्हते.

एक वाजून चाळीस मिनिटांनी फोन लागला. पलीकडून मुलगा इतक्या जोरात ओरडला की सगळ्या विभागाला ऐकू गेले. "काय वाटेल ते करा! मला कशाला विचारता? तिला वाचवा!"

दोनला दहा मिनिटे कमी असताना शिवणवालीला टेबलावर घेतले. सव्वादोनला ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा आला. ट्रक बाहेर रस्त्यातच आडवा सोडून आला होता. मागून हॉर्न वाजत होते. डोळे लाल, अंगावर दोन दिवसांची धूळ. तो थेट मोठ्या सिस्टरच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "कुठं करायची सही?"

सिस्टरनी रजिस्टर पुढे केले. मृतदेह ताब्यात घेतल्याच्या रकान्यात त्याने सही केली. ती चालली.

पेन खाली ठेवताना त्याने विचारले, "मी नाही म्हणेन असं कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणीच नाही."

"मग मी घरी नसेन त्या दिवशी तिनं मरायचं, असं कुठं लिहिलंय? मला वाचायचंय."

तो उत्तराची वाट न पाहता निघून गेला. पण तो प्रश्न टेबलावरच राहिला. मोठ्या सिस्टर पाळी संपल्यावर प्रशासन विभागात गेल्या. तिथल्या मुख्य लिपिकाने जुन्या परिपत्रकांचे दोन गठ्ठे उपसले, शिंका दिल्या, चष्मा पुसला आणि मान हलवली.

"असा नियम नाही, सिस्टर."

"असं कसं? एकोणीस वर्षं मी..."

"पद्धत आहे. सज्ञान माणसाची स्वतःची संमती लागते, एवढंच सगळीकडं लिहिलंय. बाईचं वेगळं काही नाही. फॉर्मवर 'पती, वडील किंवा मुलगा' असं छापलंय खरं. कधी छापलं, कुणी छापलं, देव जाणे. संपले की तसेच पुन्हा छापून आणतो आम्ही."

मोठ्या सिस्टर तिथल्या बाकावर बसल्या. नियम असता तर त्यांना त्याच्यामागे लपता आले असते. नियम नव्हताच. जे होते ते त्यांच्या हातातून, त्यांच्या तोंडून, रोज घडत होते.

त्या संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता त्यांनी नवऱ्याला विचारले, "माझं ऑपरेशन झालं तेव्हा कागदावर सही तुम्हीच केली होती ना?" नवरा पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढत असे, मितभाषी, पापभीरू माणूस.

"केली की."

"कागद वाचला होता?"

"त्यात काय वाचायचं? तू नर्स. तुला माहीत होतं सगळं."

"मला माहीत होतं, आणि सही तुमची."

"अगं, आता बारा वर्षांनी काय भांडण काढतेस?"

"भांडत नाहीये. विचारतेय." तव्यावरची पोळी करपली तरी त्यांचे लक्ष नव्हते.

पुढच्या तीन आठवड्यांत, जेवणाच्या सुट्टीत, मोठ्या सिस्टरनी डॉक्टरीणबाईंना सोबत घेऊन जुनी रजिस्टरे चाळली. बाई आली ती वेळ, ऑपरेशन सुरू झाल्याची वेळ, आणि मधल्या जागेत लिहिलेले दोन शब्द: 'नातेवाईक प्रतीक्षेत'. अक्षर बहुतेक ठिकाणी मोठ्या सिस्टरचेच होते. चौदा महिन्यांत अशा एकसष्ट बायका निघाल्या. सरासरी पावणेतीन तास थांबलेल्या. त्यांतल्या पाच गेल्या होत्या. पाचही जणी येताना बोलत होत्या.

हा कागद घेऊन दोघी आपल्या भागाच्या आमदारांकडे गेल्या. त्यांना सगळे मास्तर म्हणत. राजकारणात येण्यापूर्वी तीस वर्षे त्यांनी भूमिती शिकवली होती, आणि अजूनही कुणी लांबण लावली की ते "सिद्ध काय करायचंय ते आधी सांगा" म्हणत. ते विरोधी बाकावर बसत आणि त्यांच्या मागे आमदार फक्त चार.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून ठेवला.

"नियम नाही म्हणता, तर मग कायदा कशाला हवा?"

"नियम असता तर एका परिपत्रकानं बदलला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही रूढी आहे. आणि तिच्यामागं भीती आहे. डॉक्टर नातेवाइकांना भितात. बाईची सही पुरेशी आहे, तिला थांबवणं गुन्हा आहे आणि तिच्या सहीवर काम करणाऱ्या डॉक्टरला कायद्याचं संरक्षण आहे, असं तीन ओळींत लिहिलेलं हवं."

"तीन ओळी!" मास्तर हसले. "बाई, तीन ओळींना तीन वर्षं लागतात. ऐका. मी मंत्री नाही, म्हणून माझं विधेयक अशासकीय. त्याची पाळी आठवड्यातून एका दुपारी, तीही सगळ्यांची घरी जायची घाई असते तेव्हा. आधी नोटीस द्यायची, मग ते मांडायला सभागृहाची परवानगी. मग तीन वाचनं. म्हणायला वाचनं, वाचणारा एखादाच. पहिल्यात नाव पुकारतात. दुसऱ्यात समितीकडं जातं, तिथं कलमा-कलमाला कात्री लागते. तिसऱ्यात हात वर. मग वरचं सभागृह, तिथं पुन्हा तेच. मग राज्यपालांची सही. मग राजपत्र."

"एवढ्या सह्या," मोठ्या सिस्टर पुटपुटल्या.

"अशासकीय विधेयकं पास होत नाहीत. पण ओरडा झाला तर सरकारला लाज वाटते आणि ते स्वतःचं आणतं. तो ओरडा मी नाही करू शकत. मी बोललो तर विरोधक बोलला म्हणतील. तुम्ही बोललात तर ज्यानं डोळ्यांनी पाहिलं तो बोलतोय. छापील अर्जावर शंभर सह्या आणू नका, ते टोपलीत जातात. प्रत्येकीनं आपल्या आमदाराला आपल्या हातानं एक पान लिहायचं. वर आपला पत्ता, म्हणजे मतदार आहे हे कळतं. एकच बाई सांगायची, नाव न घेता. शेवटी एकच मागणी. आणि शिव्या द्यायच्या नाहीत, कितीही आल्या तरी."

पुढच्या रविवारी मोठ्या सिस्टरच्या स्वयंपाकघरात सात परिचारिका जमिनीवर बसल्या. कुणी पाट मांडीवर घेतला, कुणी पोळपाट उलटा करून त्यावर कागद ठेवला. सुरुवातीला कुणालाच सुचेना. "माननीय महोदय" लिहून सगळ्या एकमेकींकडे पाहत राहिल्या.

"अगं, हँडओव्हर देतो ना पाळी बदलताना, तसं लिहा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "बाई किती वाजता आली, काय झालं होतं, किती वाजता काय केलं, शेवट काय."

मग पेने चालू लागली. एकीने लिहिले आणि उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. दुसरीने लिहिले, 'तिने माझा पदर धरला होता.' मोठ्या सिस्टरचा नवरा दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्याला कुणी आत बोलावले नाही आणि त्यालाही आत यावेसे वाटले नाही.

साताच्या सत्तर झाल्या, सत्तरच्या चारशे. आमदारांच्या घरी पत्रे पडू लागली. काहींनी उत्तर दिले, काहींनी नर्सना आवरा म्हणून फोन करून अधीक्षकांना दम दिला. एका आमदारांनी पत्र लिहिणारीलाच भेटायला बोलावले आणि तासभर आपल्या गुडघ्याचे दुखणे सांगितले. पण विधेयक मांडायच्या दिवशी ते दुपारी घरी गेले नाहीत, बाकावर बसून राहिले. विधेयक मांडले गेले. वर्तमानपत्रांनी एकसष्ट हा आकडा छापला. मग सरकारला वाटायची ती लाज वाटली आणि मंत्र्यांनी जाहीर केले की सरकार हे विधेयक आपले म्हणून स्वीकारत आहे, मात्र ते आधी समितीकडे जाईल.

समितीसमोर साक्ष द्यायला मोठ्या सिस्टरना बोलावले. अकरा सदस्य, दोन बायका. मधोमध लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. अधीक्षकांनी आदल्या दिवशी बोलावून सांगितले होते, "संस्थेचं नाव खराब होईल असं काही बोलू नका."

त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी एकोणीस वर्षं बायकांना थांबवलं. मी, माझ्या तोंडानं. गेल्या वर्षी एक शिवणकाम करणारी बाई माझ्यासमोर पावणेचार तास सही मागत होती. मी तिला म्हणाले, तुमची चालत नाही. तसा नियम नव्हता. मी खोटं बोलले. मला ठाऊक नव्हतं की मी खोटं बोलतेय, पण त्यानं तिला काही फरक पडला नाही."

एका वयस्क सदस्याने घसा खाकरला.

"सिस्टर, तुमचं स्वतःचं कधी ऑपरेशन झालंय?"

"झालंय."

"सही कुणी केली होती?"

"नवऱ्यानं."

दोघे-तिघे हसले. त्या सदस्याने हात पसरले. "मग? तुमचं काय वाईट झालं? सुखाचा संसार चाललाय. नवऱ्यानं बायकोची जबाबदारी घेतली, यात कुठला अन्याय झाला? उद्या बाई म्हणेल, मला विचारलंच पाहिजे. मग घर म्हणून राहील काय?"

"माझं वाईट झालं नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "कारण त्या दिवशी ते घरी होते."

कुणी हसले नाही. लघुलेखकाने मान वर करून पाहिले आणि पुन्हा खाली घातली.

पण त्यांच्यानंतर डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्ष आले. बाईच्या सहीला आमचा विरोध नाही, ते गोड आवाजात म्हणाले, पण शिक्षेचे कलम ठेवले तर डॉक्टर अशा केस घेणारच नाहीत, पुढच्या रुग्णालयात पाठवतील. मग कुटुंबाच्या जिव्हाळ्याविषयी तीन सदस्य बोलले. दोन बायकांपैकी एक बोलली. दुसरीच्या पक्षाने तिला गप्प राहायला सांगितले होते.

समितीतून विधेयक बाहेर आले तेव्हा शिक्षेचे कलम गळून पडले होते. 'स्त्रीची स्वतःची सही पुरेशी राहील' या वाक्यापुढे एक शेपूट आले होते: 'शक्य असेल तेथे कुटुंबप्रमुखाशी विचारविनिमय करून.' डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर आपटला.

"शक्य असेल तेथे! शक्य करायलाच तर बसवून ठेवतात बायकांना!"

"दात काढले," मास्तर म्हणाले. "जबडा राहिलाय. तो तरी घ्या. कवळी पुढं कधी तरी बसवू."

विधेयक एका सभागृहात एकमताने पास झाले, दुसऱ्या सभागृहात सतरा मिनिटांत. राज्यपालांची सही झाली. राजपत्रात छापून आले. मंत्र्यांनी मोठ्या सिस्टरच्या हातात फुलांचा गुच्छ दिला, फोटो निघाला. फोटोत अधीक्षक सर्वांत पुढे होते. मोठ्या सिस्टरच्या नवऱ्याने तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. घरी त्या दिवशी पहिल्यांदाच तो म्हणाला, "मी त्या वेळी वाचायला हवा होता तो कागद. तुला दाखवून." त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

राजपत्राची प्रत मोठ्या सिस्टरनी विभागातल्या फलकावर लावली. ती पहिल्यांदा नीट वाचली मुख्य लिपिकाने. तो चष्मा पुसत त्यांच्याकडे आला.

"सिस्टर, हे बघितलंत का? पहिल्याच कलमात, पोटकलम दोन. 'शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या तारखेपासून हा अधिनियम अमलात येईल.'"

"म्हणजे कधी?"

"तारीख पडेल तेव्हा. तोवर कायदा आहे, पण लागू नाही."

मोठ्या सिस्टरनी मास्तरांना फोन केला. "भूमिती शिकवणाऱ्यानं पहिली ओळ वाचली नाही," मास्तर म्हणाले. "सगळं लक्ष कात्रीवर होतं." त्यांचा आवाज कधी नव्हे इतका म्हातारा वाटला.

तारीख पडली नाही. मंत्रालयातून उत्तर आले की नियम तयार करणे सुरू आहे. मग उत्तर आले की नियम अभिप्रायासाठी विधी विभागाकडे आहेत. मग उत्तर येणे बंद झाले. दहा महिने गेले. रजिस्टरात 'नातेवाईक प्रतीक्षेत' हे शब्द दुसऱ्यांच्या अक्षरात येत राहिले.

अकराव्या महिन्यात, दुपारी बाराच्या सुमारास, बसमध्ये तिकिटे फाडणारी एक कंडक्टर बाई आणली गेली. गणवेशातच होती. आठवा महिना, वार सुटलेली, रक्त थांबत नव्हते. सोबत सासरे आणि दीर. नवरा दुसऱ्या शहरात कामाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोट उघडावं लागेल. कदाचित पिशवीही काढावी लागेल."

"पिशवी?" दीर पुढे झाला. "दादाला विचारल्याशिवाय नाही. तो निघालाय. तीन तासांत पोचतो. तोवर कुणी हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

डॉक्टरीणबाईंनी अधीक्षकांच्या खोलीकडे पाहिले. मोठ्या सिस्टरनी पाहिले नाही. त्यांनी संमतिपत्र काढले, 'पती, वडील किंवा मुलगा' या शब्दांवर पेनाने आडवी रेघ मारली आणि कागद कंडक्टर बाईच्या छातीवर धरला.

"बाई, माझ्याकडं बघा. तुमचं पोट उघडायचंय. पिशवी काढावी लागली तर पुन्हा मूल होणार नाही. नाही उघडलं तर तुम्ही जाल. काय करायचं, तुम्ही सांगा."

"उघडा," ती म्हणाली. तिच्या बोटांना पेन धरवत नव्हते. सिस्टरनी मनगटाला आधार दिला, पण अक्षरे तिलाच काढू दिली.

"ए, काय चाललंय?" दीर ओरडला.

"सही चाललीय," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि स्ट्रेचर ढकलत त्यांनी दार लावून घेतले. बाहेर बराच वेळ दारावर लाथा बसत होत्या.

बाळ गेले. पिशवी काढावी लागली. कंडक्टर बाई वाचली. नवव्या दिवशी ती चालत घरी गेली. जाताना ती मोठ्या सिस्टरशी बोलली नाही. सासरे बरोबर होते.

महिन्याभराने चौकशी बसली. अधीक्षक, वरून आलेले एक अधिकारी आणि डॉक्टरांच्या संघटनेचा प्रतिनिधी. अधिकाऱ्यांनी एक कागद पुढे सरकवला.

"रुग्णाची लेखी तक्रार आहे. वाचा."

मोठ्या सिस्टरनी वाचले. 'मला काही समजत नसताना माझा हात धरून सही घेण्यात आली. माझ्या व माझ्या पतीच्या इच्छेविरुद्ध माझी पिशवी काढण्यात आली.' मजकूर टाइप केलेला होता. खाली सही होती. त्या सहीचे वळण त्यांना ओळखू आले.

"सही तिचीच आहे ना?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"तिचीच."

"कुटुंबाची संमती नव्हती. कायदा अजून लागू नाही. तुम्ही कशाच्या आधारावर हे केलंत? तुम्हाला काही म्हणायचं असेल तर लिहून घेतो."

डॉक्टरीणबाई शेजारी बसल्या होत्या. रागाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. "तिच्यावर दबाव आणला असणार, साहेब! घरात कोंडून..."

मोठ्या सिस्टरनी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांसमोर ती बाई होती. घरातल्या पलंगावर बसलेली, पोटावर टाके, समोर नवरा, सासरे आणि दीर, आणि पुढे केलेला कागद. ही सही चालते का, हे मात्र कुणीही विचारले नव्हते.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "तक्रार करायला ती जिवंत आहे. एवढंच माझं म्हणणं आहे."

अधिकाऱ्यांनी तसे लिहून घेतले.

प्रस्थापित पद्धतीचा भंग केल्याबद्दल मोठ्या सिस्टरची बदली रुग्णालयाच्या धुलाईघरात झाली. डॉक्टरीणबाईंना समज देण्यात आली. बदलीच्या आठवड्यात स्त्री-विभागात एका तरुण परिचारिकेने छापील शब्दांवर रेघ मारून बाईची सही घेतली. त्याच आठवड्यात दुसरीने घेतली नाही. ती बाई साडेतीन तास थांबली. कुठल्या वारी कोण पाळीवर आहे, यावर आता तिथे बायकांचा जीव अवलंबून आहे.

मोठ्या सिस्टर रोज आठ तास चादरींचे गठ्ठे बांधतात. दर सोमवारी त्या मंत्रालयाला एक पत्र टाकतात. त्यात आता गोष्ट नसते, विभागातल्या परिचारिका कळवतात तो आकडा असतो: या आठवड्यात किती बायका थांबल्या. आणि खाली एकच ओळ: तारीख कळवावी. हे लिहीपर्यंत अशी सत्तेचाळीस पत्रे झाली आहेत.

हे वाचून कुणाला हळहळ वाटली, तर ती मोठ्या सिस्टरना नको आहे. त्या तसे स्पष्ट सांगतात. त्या एवढेच विचारतात, की तुमच्या घरातल्या बाईला उद्या टेबलावर घ्यायची वेळ आली, तर पेन कुणाच्या हातात द्यायचे हे आज, सगळे धडधाकट असताना, घरात बोलून ठेवले आहे का? आणि तुमच्या आमदाराचा पत्ता तुम्हाला ठाऊक आहे का?